सव्वासहाची गाडी

हिंगणमाळच्या रानात कांद्याची पात पिवळी पडून आडवी झाली, त्याच आठवड्यात मायाला काम लागलं.

बी.ए. होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात तिनं दोन ठिकाणी अर्ज केले होते, एका दुकानात महिनाभर बसली होती, आणि बाकीचे दिवस आईबरोबर दुसऱ्यांच्या रानात कांदा काढला होता. आता एका संस्थेनं तालुक्यातल्या एसटीच्या फेऱ्या नव्यानं ठरवायचं काम घेतलं होतं. कुठल्या गावाला किती गाड्या आणि किती वाजता, हे लोकांना विचारून ठरणार होतं. विचारायला त्याच भागातली शिकलेली पोरं हवी होती. काम तीन महिन्यांचं. पगार खात्यावर. गळ्यात अडकवायचं कार्ड, अंगात घालायचं हिरवं जाकीट, आणि नाव ‘प्रवासी मित्र’.

मायाची आई मंगल कांद्याच्या वाफ्यात एक पाय लांब करून बसली होती. तीन वर्षांपूर्वी घोडीवर बोजा चढवताना घोडी बिथरली आणि मंगलच्या मांडीचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही. तेव्हापासून ती बसूनच सरकत सरकत कांदा कापायची. मायानं तिला कामाचं सांगितलं तेव्हा तिनं विळा खाली ठेवला नाही.

“उन्हात फिरायचं?”

“व्हय.”

“कांद्यात तरी कुठं सावली हाय,” मंगल म्हणाली, आणि पुढच्या वाफ्याकडं सरकली.

तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये दोन दिवस शिकवणी झाली. शिकवायला अमृत नावाचा पोरगा होता. लोणंदचा, मायापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तोही कराराचाच होता, पण बोलायला नीट. त्यानं सांगितलं, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. उत्तर आपण सुचवायचं नाही. अठरा वर्षांखालचा माणूस घ्यायचा नाही, मोबाईलवरचा फॉर्म ते वयच घेत नाही. सगळं भरून झालं की समोरच्याच्या फोनवर चार आकडे येतील, ते टाकल्याशिवाय फॉर्म जमा होणार नाही. एका गावातून चाळीस फॉर्म. गाव पुरं झालं तरच त्या गावाचा पगार.

माया वहीत सगळं उतरवून घेत होती. शाळेत जसं घ्यायची तसं, खाली रेघ मारून.

पहिले दोन महिने ती दुसऱ्या गावांतून फिरली. सकाळी सव्वासहाच्या गाडीनं निघायचं. ही गाडी रात्री हिंगणमाळला मुक्कामाला असायची आणि सकाळी औंधला जायची. गाडीत पुढच्या बाकांवर शाळा-कॉलेजच्या पोरी बसत, गावातल्या आणि वाटेवरच्या वस्त्यांवरच्या मिळून पंधरा-सोळा. मायाची धाकटी बहीण सोनिया त्यातच. अकरावीला होती. मांडीवर दप्तर, दप्तरावर पुस्तक, आणि गाडी खड्ड्यात आदळली की पुस्तकासकट पोरगी वर उडायची. तरी वाचत राहायची.

लोकांना विचारणं सोपं नव्हतं. एका गावात सरपंचाच्या ओट्यावर तिला अर्धा तास उभं केलं आणि मग सांगितलं की नंतर ये. एका ठिकाणी माणसं म्हणाली, एसटीचं राहू दे, आमच्या पाण्याचं लिही. एकानं कार्ड हातात घेऊन फोटो आणि तोंड दोन-तीनदा ताडून बघितलं आणि म्हणाला, “धनगराची दिसतीयास.” माया हो म्हणाली. त्यानं कार्ड परत देताना तिच्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं.

बायका उंबऱ्यातून बोलायच्या. गाडी पाहिजेच की, म्हणायच्या. दवाखान्याला, बाजाराला, माहेराला दुसरं काय हाय आमाला. पण नंबर विचारला की गप्प व्हायच्या. फोन मालकाकडं. मालक रानात नाहीतर पुण्याला. चार आकडे मालकाच्या फोनवर जायचे आणि तिकडंच राहायचे. मग माया पारावर यायची. पारावर पुरुष असायचे, प्रत्येकाच्या खिशात फोन. ते पटापट उत्तरं द्यायचे. एसटीनं किती वेळा जाता? कशाला जातोय, गाडी हाय की दारात. दहा मिनिटांत पाच फॉर्म व्हायचे.

हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं अमृतला एकदा फोनवर सांगितलंही, की बायका सुटायला लागल्यात आणि शाळेच्या पोरी तर मुळातच नाहीत. अमृत म्हणाला, शेऱ्याच्या चौकटीत लिहा, मी वर कळवतो. शेऱ्याची चौकट लहान होती. एक ओळ झाली की पुढचं अक्षर उमटायचंच नाही.

हिंगणमाळ तिनं शेवटी ठेवलं होतं. आपलंच गाव, एका दिवसात होईल असं तिला वाटलं होतं. एप्रिलचा शेवट होता. दुपारी वारा पडायचा आणि पत्रे तापून वाजायचे. दोन दिवस ती घरोघर हिंडली आणि तिचे अकरा फॉर्म झाले. निम्मं गाव मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलेलं. घरात म्हातारी माणसं, बाया आणि पोरं.

धोंडुबाई शेजारची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एका डोळ्यानं दिसायचं. महिन्यातून एकदा ती सव्वासहाच्या गाडीनं डोळ्याच्या औषधाला जायची. मायानं तिला सगळे प्रश्न विचारले. म्हातारीनं प्रत्येक उत्तर विचार करून दिलं, साक्ष द्यावी तसं. शेवटी नंबर आला. फोन तिच्याकडं नव्हता.

“झालं का गं माझं लिवून?” धोंडुबाईनं विचारलं.

मायानं स्क्रीनवरची लाल पट्टी बघितली.

“झालं,” ती म्हणाली.

घरी आल्यावर सोनियानं विचारलं, आपल्या घराचा फॉर्म केला का. मायानं आईला पुढं बसवलं. मंगलकडं स्वतःचा फोन नव्हता, घरचा नंबर धुळाकडच्या फोनवर चालायचा. धुळा म्हणजे त्यांचा बाप. तो मेंढरं घेऊन उंब्रजच्या बाजूला होता, तोडलेल्या उसाच्या फडात. मायानं फॉर्म भरून आकडे तिकडं पाठवले आणि बापाला फोन लावला. फोन बंद होता. तिकडं चार्जिंगला कुणाच्या तरी घरी द्यावा लागायचा.

“मला धर की,” सोनिया म्हणाली. “माझ्या मैत्रिणीचा फोन हाय. नंबर सांगते.”

“तू सतरा पुरी न्हाईस.”

“अठरा लिव. कोण बघतंय?”

माया बोटानं स्क्रीन वर-खाली करत राहिली. अमृतनं सांगितलं होतं, शंभरातल्या दहा फॉर्मांना वरून फोन जातो, खोटं निघालं तर सगळा पगार थांबतो. त्या पगारातून मंगलच्या मांडीच्या हाडाचा फोटो काढायचा होता. डॉक्टरनं पुन्हा एकदा बघायला सांगितलं होतं.

“खोटं न्हाई लिवायचं,” ती म्हणाली. सोनिया उठून भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी फॉर्म जमा करायची शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचपर्यंत. मायाचं डोकं उन्हानं ठणकत होतं, टाचेला चप्पल लागून फोड आला होता. ती पारावर गेली. तिथं तात्याबा आपल्या लोकांत बसला होता. तात्याबा गावातला मोठा बागायतदार, विहिरीला पाणी असलेला. दोन पोरं पुण्यात आणि दारात दोन मोटारसायकली. त्यानं तिला हाक मारली, आपल्या शेजारी बाकड्यावर जागा करून दिली, पोरींसाठी काम आलं म्हणून कौतुकही केलं. मग सगळ्यांना फोन काढायला लावले.

“एसटीनं प्रवास किती वेळा करता?”

“आमी? वर्सातनं एकदा. लगीन-बिगीन असलं तर.”

सगळे हसले. पुढच्यानंही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानंही. मायानं प्रश्न जसा होता तसा वाचला. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा चाळीसावा फॉर्म जमा झाला आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. तिनं शेऱ्यात लिहिलं, ‘गावातल्या मुली रोज सकाळच्या गाडीने शाळेला जाता’. शेवटचं अक्षर बसलं नाही.

मे महिन्यात पगाराचा शेवटचा हप्ता आला. मंगलचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, आता काही होण्यासारखं नाही, जपून राहा.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाची गाडी आलीच नाही. लोकांना वाटलं बिघडली असेल. सकाळी पोरी दप्तरं घेऊन थांब्यावर उभ्या राहिल्या. साडेसात वाजले तेव्हा एका दूधवाल्यानं सांगितलं की फाट्यावर नवीन वेळापत्रक लागलंय. हिंगणमाळला आता मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला एक गाडी. बाकी काही नाही.

दोन दिवसांनी पारावर माणसं जमली. धुळा तेव्हा मेंढरं घेऊन परत आला होता, तो कडेला उकिडवा बसला. मायाला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी म्हणालं, एसटीवाल्यांनी न विचारता गाडी काढली. तात्याबा म्हणाला, “न विचारता कसं? विचारून काढलीया. धुळाची पोरगी पगार घिऊन विचारत हिंडत व्हती न्हवं.”

“आवं, तुमीच सांगितलं की वर्सातनं एकदा जाता,” माया म्हणाली.

“मला माझं विचारलंस, म्या माझं सांगितलं. गाडी ऱ्हाऊ द्या का काढा, असं कुठं विचारलंस?”

तो प्रश्न फॉर्मात खरंच नव्हता. धुळानं मान वर केली नाही. तो बोटानं मातीत रेघा ओढत होता आणि पुसत होता.

दुसऱ्या दिवशी मंगल कामाला गेली तर मुकादमणीनं सांगितलं, बायका पुऱ्या झाल्या. मंगल लंगडत परत आली. तिनं घरात कुणाला काही सांगितलं नाही. चार दिवसांनी मायाला ते बाहेरूनच कळलं.

धोंडुबाई मात्र सहज विचारायला आली. दारात टेकून म्हणाली, “माया, म्या सांगितलं व्हतं न्हवं तुला, औषधाला गाडी लागती म्हून? तू लिवलं व्हतंस न्हवं?”

माया म्हणाली, लिवलं व्हतं.

“मंग त्येंच्याच हातनं चुकलं आसंल,” म्हातारी म्हणाली आणि भिंतीला धरत गेली.

त्याच आठवड्यात माया तालुक्याला गेली. गावच्या नावानं अर्ज लिहिला होता, खाली पोरींच्या आयांचे अंगठे आणि सह्या. अमृतला फोन केला तर त्याचा करार संपला होता. तो म्हणाला, मी दुसरीकडं काम बघतोय, पण तुम्ही कुणाला भेटायचं ते सांगतो. त्यानं सांगितलेल्या कचेरीत एका साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. हिंगणमाळ, चाळीस माणसं. एसटीनं रोज जाणारे, एक. आठवड्यातून एकदा जाणारे, तीन. खाली लहान अक्षरात, माहिती घेणाऱ्याचं नाव: माया धुळा कोकरे.

“तुम्हीच आणलंय हे,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता.

तिनं शेऱ्याचं विचारलं. ते म्हणाले, शेरे वेगळ्या पानावर जातात, ते या तक्त्यात येत नाहीत. अर्ज ठेवून घेतो, पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी होईल तेव्हा बघू. मग त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

हिंगणमाळपासून फाटा साडेपाच किलोमीटर. फाट्यावरून सातची गाडी मिळायची. मधे ओढा, काटेरी बाभळीचं रान आणि बंद पडलेली खडीची खाण. आया पोरींना एकट्या सोडायला तयार होईनात. तेव्हा मायानं घरोघर जाऊन सांगितलं की मी बरोबर जाईन आणि संध्याकाळी घ्यायला येईन. पहिल्या दिवशी गावातल्या सात पोरी निघाल्या. माया सगळ्यात मागं, हातात बापाची काठी.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की चपला हातात घ्यायच्या. चिखलानं पोरींच्या सलवारी गुडघ्यापर्यंत भरायच्या आणि वर्गात वाळून त्याची माती पडायची, म्हणून त्यांना मागं बसवायचे. ऑगस्टमध्ये दोघी बंद झाल्या. एकीचं लग्न जमलं. एकीला बापानं बहिणीकडं पाठवलं. सप्टेंबरात खाणीजवळ दोन मोटारसायकलवाले रोज थांबायला लागले. काही करत नव्हते, नुसते गाडी सुरू ठेवून बघायचे आणि एखादीचं नाव घ्यायचे. एके दिवशी मायानं काठी उगारली तर त्यातला एक म्हणाला, “प्रवासी मित्र, लागंल की आमाला.” ही गोष्ट कुणीतरी घरी सांगितली आणि आणखी दोघी बंद झाल्या. दसऱ्याला सोनिया सोडून उरलेल्या दोघीही बंद झाल्या.

दिवाळीपर्यंत सोनिया आणि तिच्या मागं माया, अशा दोघीच त्या वाटेनं चालत होत्या. सोनिया आता वाटेत बोलत नसे. एकदा फक्त म्हणाली, “म्या अठरा लिव म्हणाले व्हते.” माया म्हणाली, हां. पुढं दोघी फाट्यापर्यंत तशाच गेल्या.

दिवाळी झाली की मेंढरं पश्चिमेला न्यायची. दरवर्षी धुळा आपल्या चुलतभावाबरोबर जायचा. भावाची बायको दोघांचं रांधायची, घोडीवर संसार लादायची, कोकरं सांभाळायची. यंदा चुलतभावानं मेंढरं विकली आणि एका कारखान्यावर राखणदार म्हणून लागला. एकट्या माणसाला शंभरावर मेंढरं हाकता येत नाहीत. मागं एक आणि पुढं एक लागतं. मंगलला दोन किलोमीटरसुद्धा चालवत नव्हतं.

जेवताना धुळानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडं बघत म्हणाला, “सोनियाला नेतो. न्हाईतरी ती वाट बरी न्हाई.”

सोनिया चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटवली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मंगलनं पुढं होऊन ती काढली. मग धुळाच पुन्हा म्हणाला, बारावीचं पुढच्या वर्षी बघू.

“म्या येते,” माया म्हणाली.

धुळानं पहिल्यांदा वर बघितलं. “तू?”

“सोनियाला औंधात मावशीकडं ठिवा. घरचं काम करंल आन परीक्षा दील. म्या तुमच्यासंगं येते.”

“बी.ए. झालीयास तू. लोक काय म्हनतील?”

“म्हनायचं ती म्हनून झालंय.”

मावशी म्हणजे मंगलच्या लांबच्या नात्यातली. घरात सहा माणसं आणि दोन म्हशी. तिनं ठेवून घेतलं, पण सकाळचं शेणपाणी आणि दोन्ही वेळची भांडी सोनियाकडं, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मंगळवारी साडेदहाच्या गाडीनं सोनिया गेली. खिडकीतून तिनं हात केला नाही. गाडी हलताना नुसती मायाकडं बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

मेंढरं गुरुवारी निघाली. पुढं धुळा, मधे मेंढरं, मागं घोडीचा कासरा धरून माया. घोडीवर पातेली, पीठ, वाघर म्हणजे मेंढरांच्या भोवती लावायचं जाळं, आणि वाघरीच्या गुंडाळीत बसवलेली तीन दिवसांची दोन कोकरं. पहिल्या दिवशी तिच्या पायांना काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. हमरस्त्यावर मेंढरं कडेला ठेवताना ट्रकवाले खिडकीतून शिव्या द्यायचे, धुळा त्यांना हात जोडायचा. चार-पाच दिवसांत मायाही हात जोडायला शिकली.

नवव्या दिवशी ते उंब्रजच्या अलीकडं पोचले. एका बागायतदाराचं रान रिकामं झालं होतं. लालासाहेब त्याचं नाव, पन्नाशीचा, पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. रानात खत व्हावं म्हणून मेंढरं तीन दिवस बसवायची होती. तो बांधावर खुर्ची टाकून बसला आणि सगळं नीट विचारत होता. मेंढरं किती, मुक्काम किती, पाणी कुठलं. उन्हं कलली होती. माया वाघरीच्या मेखा ठोकत होती. कोरड्या मातीत मेख आत जात नव्हती, धक्का खांद्यापर्यंत येत होता.

लालासाहेब थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग धुळाला म्हणाला, “पोरगी का?”

“व्हय.”

“शाळा-बिळा केली का न्हाई हिनं?”

धुळानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. मायानं हातोडा उचलला होता, तो तसाच धरून ठेवला.

“हिला न्हाई घातली शाळंत,” धुळा म्हणाला. “धाकटी शिकतीया. बारावीला हाय.”

लालासाहेब म्हणाला, चांगलं केलं, एक तरी शिकली पाहिजे. धुळा व्हय व्हय म्हणाला आणि पाणी बघायला विहिरीकडं निघून गेला. जाताना मायाच्या शेजारून गेला, पण तिच्याकडं बघितलं नाही.

मायानं मेख ठोकली, वाघर ओढून ताणली आणि पुढच्या मेखेकडं गेली.